पेंग, गुंगी, थकवा की ग्लानी? मेंदूतली गाठ आणि बिघडलेली झोप

दरवर्षी ८ जूनला जागतिक ब्रेन ट्यूमर दिन येतो आणि त्याच्या आगेमागे व्हॉट्सॲपवर लक्षणांच्या याद्या फिरू लागतात. डोकेदुखी, उलट्या, फिट येणं, कमी दिसणं. झोपेचं नाव त्यात क्वचित असतं, असलं तरी शेवटच्या ओळीत, 'इतर त्रास' म्हणून. पण ज्या घरात असा पेशंट आहे तिथे जाऊन बसा. ऑपरेशन, रिपोर्ट, खर्च, सगळं सांगून झालं की घरातली बाई आवाज खाली आणून म्हणते, "दिवसभर झोपूनच असतात हो. आणि रात्री टक्क जागे."

माझ्या मामांना मेनिंजिओमा झाला होता. मेंदूच्या आवरणातून उगवणारी आणि बहुतेक वेळा कॅन्सरची नसलेली ही गाठ. ऑपरेशननंतरच्या तपासणीत डॉक्टरांनी झोपेबद्दल विचारलं, तेव्हा मामीनेही हेच वाक्य म्हटलं. त्यावर डॉक्टरांनी एकच प्रश्न केला, "झोपलेले असतात की नुसते पडून असतात?" मामीला उत्तर देता येईना. मलाही नाही. आम्ही तो फरक कधी पाहिलाच नव्हता.

चार शब्द, चार निराळ्या गोष्टी

खरं तर हा फरक सांगायला मराठीत नेमके शब्द आहेत, आजारपणात आपण ते एकमेकांत मिसळून टाकतो एवढंच.

थकवा म्हणजे अंगात त्राण नसणं. माणूस पडून राहतो, पण डोळा लागतोच असं नाही आणि झोपून उठल्यावरही ताजंतवानं वाटत नाही. पेंग म्हणजे खरीखुरी झोप, नको त्या वेळी आलेली. जेवताना, बोलताना, टीव्हीसमोर मान कलंडते. गुंगी औषधाची असते. गोळी घेतल्यावर चढते, उतरते आणि तिचं वेळापत्रक गोळीच्या वेळापत्रकाशी जुळतं. ग्लानी मात्र झोप नव्हेच. ग्लानीतल्या माणसाला हाक मारली, हलवलं तर तो 'हं' म्हणतो आणि पुन्हा आत बुडतो.

थकव्यावर रोज थोडं चालणं हा उपाय असू शकतो, पेंगेसाठी तपासण्या लागतात, गुंगीसाठी औषधाचा डोस किंवा वेळ बदलावी लागते. ग्लानी दिसली तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठावं लागतं. घरून 'सारखे झोपतात' एवढंच कळलं तर यातलं काय चाललंय ते डॉक्टरांनी ओळखायचं कसं?

झोपेचं दार आणि त्याला लावलेला वरवंटा

मेंदूत झोपेचा एक खास कोपरा असतो, ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी एका साथीने दाखवून दिली. १९१६-१७ च्या सुमारास व्हिएन्नामध्ये मेंदूला सूज येणाऱ्या एका विचित्र आजाराचे रुग्ण येऊ लागले. काही दिवसरात्र झोपून राहत, काहींना मात्र काही केल्या झोप येत नसे. कॉन्स्टंटिन फॉन इकोनोमो या डॉक्टरांनी दगावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग असतो. भूक, तहान, शरीराचं तापमान, हार्मोन आणि झोप या सगळ्यांचा कारभार तिथून चालतो. सतत झोपणाऱ्यांमध्ये या भागाच्या मागच्या बाजूला इजा होती, झोप उडालेल्यांमध्ये पुढच्या. म्हणजे झोपवणारी यंत्रणा पुढे आणि जागं ठेवणारी मागे, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसून आलं.

पुढे कळलं की या दोन यंत्रणा एकमेकींना दाबून ठेवतात. त्यामुळे आपण एक तर जागे असतो किंवा झोपलेले, अधांतरी फार वेळ राहत नाही. दाराचंही तसंच असतं, उघडं तरी किंवा लागलेलं तरी. पण वारा सुटला की उघडं दार धाडकन आपटतं, म्हणून पूर्वी घरोघरी त्याला वरवंटा टेकवून ठेवत. मेंदूतही असा वरवंटा आहे. त्याचं नाव ओरेक्सिन. १९९८ मध्ये हा पदार्थ सापडला. मेंदूत साधारण ८,६०० कोटी चेतापेशी असतात, त्यांपैकी ओरेक्सिन बनवणाऱ्या जेमतेम काही दहा हजार, त्याही सगळ्या हायपोथॅलॅमसमध्ये एकगठ्ठा. त्या गेल्या की जागेपणाचं दार वाऱ्यावर. दुपारच्या झुळकीनेही ते बंद होतं. रात्री उलट घडतं, झोप टिकत नाही आणि दार सारखं उघडत राहतं.

याच भागात शरीराचं मुख्य घड्याळही असतं. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या बरोबर वर, हजारो पेशींचा एक पुंजका. डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावर तो रोज आपली वेळ जुळवून घेतो.

गाठ छोटी, पण जागा मोक्याची

आता या नकाशावर गाठ ठेवून पाहा. क्रॅनिओफॅरिंजिओमा नावाची एक गाठ असते. नाव अवघड आहे, पुन्हा वापरत नाही. ती वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीच्या देठापाशी वाढते, मुलांमध्ये आणि उतारवयाकडे झुकलेल्या माणसांमध्ये जास्त करून आढळते. तिच्या पेशी कॅन्सरच्या नसतात, म्हणून नातेवाइकांना हायसं वाटतं. पण तिच्या एका अंगाला डोळ्यांच्या नसा, दुसऱ्या अंगाला पिट्युटरी आणि वर हायपोथॅलॅमस. गाठीच्या दाबाने किंवा ती काढताना या शेजाऱ्यांना धक्का लागला तर मूल वर्गात पेंगू लागतं, त्याची भूक आवरत नाही, वजन भराभर वाढतं. वाढलेल्या वजनाने घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं सुरू होतं, मग रात्रीची झोपही वाया जाते. अशा काही रुग्णांमध्ये रात्री तयार होणारं मेलाटोनिन हे हार्मोन कमी आढळलं आहे, तर काहींमध्ये ओरेक्सिनच्या पेशींना इजा झाल्यासारखी लक्षणं दिसतात. नजर गेली असेल तर घड्याळाला उजेडाचा निरोपच पोचत नाही आणि दिवसरात्रीचं गणित रोज थोडं सरकत जातं. शाळेत अशा मुलाला 'आळशी' म्हणून मोकळे होतात. ट्यूमर निघाला, एमआरआय स्वच्छ आला, मग आता काय झालं, असं घरच्यांनाही वाटतं.

मेलाटोनिन म्हणजे 'रात्र झाली' हे अंगभर सांगणारं हार्मोन. ते मेंदूच्या मधोमध असलेल्या पिनियल ग्रंथीत तयार होतं. घड्याळापासून पिनियलपर्यंतचं अंतर काही सेंटिमीटर, पण निरोपाची वाट भलतीच लांबची. तो आधी मेंदूतून मज्जारज्जूत उतरतो, छातीच्या वरच्या भागापर्यंत जातो, तिथून बाहेर पडून मानेतल्या मज्जातंतूंच्या एका पुंजक्यात येतो आणि मग पुन्हा वर चढून पिनियलला पोचतो. दादरहून माटुंग्याला जायचं आणि गाडी मात्र कर्जतवरून न्यायची! मानेतला मज्जारज्जू पूर्ण तुटलेल्या माणसांमध्ये रात्री मेलाटोनिन वाढतच नाही, हे मोजून पाहिलेलं आहे. म्हणूनच मानेच्या मणक्यातली गाठ झोपेशी अगदीच असंबद्ध नसते. शिवाय मज्जारज्जूवर दाब देणाऱ्या गाठींचं दुखणं आडवं झाल्यावर वाढू शकतं, ते वेगळंच. रात्री झोपेतून उठवणारी आणि बसल्यावर थोडी कमी होणारी पाठदुखी अंगावर काढू नये.

'१-०-१' ने घातलेला घोळ

बऱ्याच रुग्णांची झोप मात्र गाठीपेक्षा उपचारांनी उडते, आणि तिथे पहिला मान डेक्साचा. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड. गाठीभोवतीची सूज उतरवण्यासाठी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते वापरात आहे आणि त्याने अक्षरशः जीव वाचतात. काल अर्धवट शुद्धीत असलेला माणूस आज उठून चहा मागतो, असा त्याचा गुण.

त्याचा दुसरा गुण असा. आपल्या शरीरातलं नैसर्गिक स्टिरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, पहाटे चढतं आणि मध्यरात्री तळाला जातं. ते चढणं म्हणजे शरीरासाठी कोंबडा आरवणं. डेक्सा हा त्याचाच कितीतरी पट जोरदार भाऊ. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं '१-०-१'. आपल्याकडे याचा अर्थ सकाळी नाश्त्यानंतर आणि रात्री जेवणानंतर. म्हणजे रात्री साडेनऊला आपण शरीराला सांगतो, उजाडलं, उठा. मग मामा रात्री दोन वाजता कपाट आवरायला काढतात, आणि मामी समजते ऑपरेशनने डोकं फिरलं.

दुसरा डोस दुपारी घेतला तर, म्हणजे '१-१-०' केलं तर, अनेकांना फरक पडतो. मामांचा डोस डॉक्टरांनी सकाळी आठ आणि दुपारी दोन असा केला. पूर्ण फरक पडेलच असं नाही, कारण या औषधाचा परिणाम दीड ते दोन दिवस रेंगाळतो. पण विचारायला हवं, आणि बदल डॉक्टरांनीच करायला हवा. झोप येत नाही म्हणून डेक्सा स्वतःहून बंद करणं धोक्याचं आहे. बाहेरून स्टिरॉइड मिळत असताना शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. गोळी एकदम बंद केली तर दोन्हीकडून उपास घडतो, रक्तदाब कोसळू शकतो आणि मेंदूची सूजही परत येते. म्हणून डोस हळूहळू उतरवतात.

डेक्साने साखरही वाढते. साखर वाढली की रात्री लघवीला चारदा उठावं लागतं. पिट्युटरीच्या ऑपरेशननंतर शरीरातलं पाणी धरून ठेवणारं हार्मोन कमी पडलं तरी हेच होतं, आणि तिथे तहानही भयंकर लागते. रात्री किती वेळा उठता हा साधा प्रश्न, पण त्याच्या उत्तरात बरंच काही दडलेलं असतं.

फिट येऊ नये म्हणून दिलेल्या औषधांची चाल बरोबर उलटी. लेव्हेटिरासिटॅमसारख्या गोळीने सुरुवातीचे काही आठवडे गुंगी येते, काहींची चिडचिडही वाढते. ती गोळीदेखील परस्पर सोडायची नाही. एक तर औषध सुटल्याने फिट येऊ शकते, त्यात झोप अपुरी झाली की फिटचा धोका आणखी वाढतो.

रेडिएशन संपलं, मग आता का झोपतात?

हा प्रश्न घराघरात घबराट पसरवतो. सहा आठवडे रोज रेडिएशन घेऊन झालं, घरी आले, जरा बरं वाटू लागलं आणि मग तीन-चार आठवड्यांनी माणूस अचानक मलूल. दिवसाचे बहुतेक तास झोपेत, भूक नाही, बोलावंसं वाटत नाही. घरात एकच शंका, गाठ परत आली.

पुष्कळदा ती परत आलेली नसते. हा प्रकार वैद्यकाला १९२९ पासून माहीत आहे आणि तो प्रथम लक्षात आला तोही ट्यूमरच्या रुग्णांमध्ये नव्हे. त्या काळी मुलांच्या डोक्यातल्या गजकर्णावर एक्स-रेचे झोत देत! (आज वाचताना अंगावर काटा येतो.) त्यांतली काही मुलं थोड्या आठवड्यांनी सुस्त पडत. पुढे ल्युकेमियासाठी, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरसाठी, डोक्याला रेडिएशन दिलेल्या मुलांतही हेच दिसलं. मोठ्यांमध्येही हा त्रास होतो. रेडिएशननंतर चेतातंतूंवरचं संरक्षक आवरण काही काळ नीट बनत नाही, असं त्यामागचं एक प्रमुख स्पष्टीकरण मानलं जातं. वायरीवरचं प्लास्टिक निघाल्यासारखं समजा. साधारण तीन ते बारा आठवड्यांच्या दरम्यान ही सुस्ती येते आणि बहुतेकांची आपोआप ओसरते. रेडिएशन देणाऱ्यांनी हे आधी सांगितलेलं असेल तर कुटुंबाचा केवढा तरी घोर वाचतो. पण निदान डॉक्टरांनीच करायचं. 'कुठेतरी वाचलं होतं, आपोआप जातं' म्हणून घरी बसायचं नाही.

महिन्या-वर्षांनी येणारी सुस्ती ही आणखी वेगळी. रेडिएशनच्या वाटेत पिट्युटरी आली असेल तर तिची हार्मोन हळूहळू कमी होऊ शकतात. थायरॉइड किंवा कॉर्टिसॉल घटलं की माणूस मरगळतो. रक्ताची साधी तपासणी केली तर हे कळतं आणि गोळीने बरंचसं भरून निघतं.

"आजारी माणूस आहे, झोपू द्या की"

हे प्रेमापोटीच म्हटलं जातं. पण दिवसभर पडदे ओढलेल्या खोलीत झोपलेल्या माणसाच्या मेंदूतल्या घड्याळाला सकाळ कधी झाली हेच कळत नाही. मग रात्री जाग, दिवसा पेंग, हे चक्र पक्कं होतं. सकाळी खिडकीत किंवा गॅलरीत बसवणं, दुपारची डुलकी अर्ध्या तासावर आणि दुपारी तीनच्या आत आवरणं, झेपेल तेवढं चालवणं, हे उपाय फुकटचे आहेत आणि कामाचे आहेत.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की 'झोपू द्या' म्हणता म्हणता ग्लानी नजरेतून सुटते. रोजच्यापेक्षा जास्त झोप दिसली तर एकदा पूर्ण जागं करा. नाव विचारा, आज वार कोणता ते विचारा, पाणी प्यायला द्या. झोपेतून उठलेला माणूस वैतागेल, पण नीट बोलेल आणि काही वेळ जागा राहील. बोलता बोलता बुडत असेल, त्यातच डोकेदुखी, उलट्या, गोंधळ, एखादा हात-पाय लुळा पडणं असं काही असेल तर थांबू नका. मेंदूतलं पाणी तुंबलेलं असू शकतं, ते पाणी वाहून नेणारी नळी म्हणजे शंट बसवलेला असेल तर तो बंद पडलेला असू शकतो, रक्तस्राव किंवा रक्तातलं सोडियम घसरणं हीही कारणं असतात. कधी कधी अंग न झटकताही मेंदूत आतल्या आत फिट चालू राहते. या सगळ्यांवर उपचार आहेत, पण वेळेत पोचलं तरच.

"मग एक झोपेची गोळीच लिहून द्या ना"

कधी कधी डॉक्टर देतातही. पण आधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, झोपेत श्वास अडकतो का? जोरात घोरणं, मध्येच शांतता, मग धडपडून घेतलेला श्वास, हे ऐकू येत असेल तर झोपेची काही औषधं ते आणखी बिघडवतात. श्वासाचं केंद्र मेंदूच्या देठात असल्याने त्या भागातल्या गाठींमध्ये ही काळजी दुप्पट. दुसरी, गोळीची गुंगी आणि खरी ग्लानी बाहेरून सारख्याच दिसतात. गोळी दिल्यावर धोक्याची घंटा वाजली तरी कळणार कशी?

श्वास अडकण्यावर नाकाला मास्क लावून हवेचा दाब देणारं सीपॅप यंत्र मिळतं. पण पिट्युटरीचं ऑपरेशन नाकातून झालेलं असेल तर सर्जनने होकार दिल्याशिवाय ते लावू नये. जखम भरलेली नसताना हवा कवटीत शिरू शकते. घरी यंत्र आधीपासून असेल तर भरती होतानाच सांगा.

निद्रानाशासाठी गोळ्यांच्या आधी सुचवला जाणारा उपाय आहे वर्तनोपचार. यात झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलची धास्ती या दोन्हींवर काही आठवडे काम करतात. त्यातला एक भाग म्हणजे अंथरुणातले तास मुद्दाम कमी करणं. फिट येणाऱ्या रुग्णाला हा भाग जपून किंवा वगळून द्यावा लागतो.

जागं ठेवणाऱ्या गोळीचीही एक गोष्ट आहे. मोडाफिनिल हे पेंगेवरचं चांगलं औषध. २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी मेंदूत गाठ असलेल्या रुग्णांच्या थकव्यावर ते देऊन पाहिलं. औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला सारख्या गोळीपेक्षा त्याचा जास्त फायदा दिसला नाही. थकव्यावर पेंगेचं औषध चालत नाही, हे यापेक्षा स्पष्ट काय दिसायचं?

आणि घरात कोणी अश्वगंधा किंवा 'नैसर्गिक' मेलाटोनिन सुरू केलं असेल तर ते लपवू नका. डॉक्टर रागावतील ते रागावतील.

"मला रात्री झोप येत नाही, मला गाठ तर नसेल?"

नुसती झोप न येणं हे गाठीचं लक्षण म्हणून घ्यायचं कारण नाही. काळजी, मोबाइल, संध्याकाळचा तिसरा चहा, शिफ्टची नोकरी, यांनीच बहुतेकांची झोप जाते. सकाळच्या डोकेदुखीचं मात्र थोडं ऐकावं. आडवं झाल्यावर आणि झोपेत श्वास मंदावून रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर डोक्यातला दाब वाढतो, म्हणून गाठीची डोकेदुखी पहाटे जास्त जाणवू शकते. मायग्रेन, रक्तदाब आणि घोरणं यांनीही सकाळी डोकं दुखतं. पण डोकेदुखी नवी असेल, आठवड्यागणिक वाढत असेल, सोबत उलट्या, धूसर दिसणं किंवा पहिल्यांदाच आलेली फिट असेल तर डॉक्टरांकडे जाणं टाळू नये. झोपेत आलेली फिट तर घरच्यांना वाईट स्वप्नासारखीच वाटते. सकाळी चावलेली जीभ, ओलं अंथरूण, ठणकणारं अंग या तिच्या खुणा.

वही, आणि दुसऱ्या खाटेवरचं माणूस

तपासणीला जाताना दोन आठवड्यांची नोंद न्यावी. किती वाजता आडवे, किती वाजता उठले, रात्री किती वेळा जाग, दिवसा किती डुलक्या, कोणती गोळी किती वाजता. घोरणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर उत्तमच. पेंगेसाठी एपवर्थ नावाची आठ प्रश्नांची यादी असते. वाचताना, टीव्ही पाहताना, सिग्नलला थांबलेल्या गाडीत डुलकी लागण्याची शक्यता किती, असे प्रश्न. २४ पैकी १० पेक्षा जास्त गुण आले तर पुढे पाहायचं. गरज वाटली तर रात्रभर यंत्र लावून झोपेची तपासणी करतात.

पण हे सगळं घरातल्या खोलीला धरून झालं. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये उपचार चालू असताना कितीतरी कुटुंबं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी महिनोन्महिने काढतात. तिथे आसरा मिळतो हेच मोठं, अंधारी आणि शांत खोली कुठून आणणार? अशा वेळी डोळ्यांवर रुमाल, कानांत बोळे आणि सकाळी अर्धा तास उन्हात, एवढं तरी जमवता येतं.

आणि सोबतच्या माणसाची झोप तर कोणी विचारतही नाही. मामांचा डोस बदलल्यावर तिसऱ्या रात्री ते गाढ झोपले, घोरू लागले. मामी उठून बसली. आधी म्हणे मोजलं, श्वास मध्येच थांबतो का ते. थांबत नव्हता. मग तिने मोबाइलवर दोन मिनिटं रेकॉर्डिंग केलं, वहीत वेळ लिहिली, २-१०, आणि दिवा मालवला.